एक पान, मोठ्या अक्षरात

विंझर, १४ मे २०२४

मधुवंतीताई, नमस्कार.

ओळख लागते का बघा. गेल्या महिन्यात पुण्याच्या हॉस्पिटलात बाकावर तुमच्या शेजारी बसले होते, ती मी स्नेहल. तुम्ही मानेवर ओला रुमाल ठेवून हातपंख्यानं वारा घेत होतात. माझ्या सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "यवढा फॅन डोक्यावर गरगरतोय, तरी बाईला पंखा लागतोय." तुम्ही ते ऐकलंत आणि हसलात. मग तुम्हीच विचारलंत, काय निघालं? मी रिपोर्ट पुढं केला. तुम्ही म्हणालात, "मल्टिपल स्क्लेरोसिस. माझंही तेच, सोळा वर्षं झाली." आणि भोरचा पत्ता लिहून दिलात. संध्याकाळनंतर फोनवर जीभ अडखळते, काही विचारायचं असेल तर पत्र टाक, असंही म्हणालात.

मलाही पत्रच बरं वाटतं. आमच्याकडे फोन आला की सगळं घर ऐकतं. शिवाय उजव्या डोळ्यानं अजून धूसर दिसतं आणि मोबाईलकडे बघितलं की कपाळ ठणकतं. अक्षर एवढं मोठं आणि वाकडं आलंय ते त्यामुळेच.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, पण मागं रांग होती. मेंदू, नसा, सूज, एवढंच डोक्यात राहिलं. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, आम्ही "नसांची कमजोरी" एवढंच सांगितलंय. माझ्या नवऱ्यानं, गोरखनं, मोबाईलवर कसलासा व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून ते माझ्याकडे सरळ बघत नाहीत.

माझा प्रश्न एकच आहे. जुलैत भाताची लावणी. आमच्याकडे मजूर लावत नाहीत, सावड असते. आज आमच्या खाचरात शेजारच्या घरांतल्या बायका येतात, उद्या आम्ही त्यांच्याकडे जायचं. आमच्या घरातून आत्याबाई आणि मी. नणंद नूतन कॉलेजला जाते. मी गेले नाही तर आमच्याकडे कोण येणार, आणि का आली नाही हे विचारल्याशिवाय कोण राहणार? फार वेळ उभं राहिलं की माझा डावा पाय जड होतो.

मी लावणीला जाऊ शकेन का?

स्नेहल


भोर, २२ मे

प्रिय स्नेहल,

ओळख न लागायला काय झालं? पंख्यावरून मला बोलणारी तुझी सासू मला फार आवडली. तिला माझा नमस्कार सांग.

तू विचारलंस हे उत्तम केलंस. सोळा वर्षांपूर्वी मला कुणी काही सांगितलं नव्हतं. तेव्हा मी विम्याच्या ऑफिसात होते. डॉक्टर प्रद्युम्नशी, माझ्या नवऱ्याशी, बोलायचे आणि तो बाहेर येऊन मला म्हणायचा, "काही विशेष नाही." त्या "काही विशेष नाही"ची मला इतकी धास्ती बसली की रात्र रात्र झोप लागायची नाही. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. पाकीट जड होऊ नये म्हणून बारीक अक्षरात, पाठपोट.

आधी आजार काय ते. आपल्या नसांवर एक वेष्टन असतं. शरीराचीच संरक्षण करणारी यंत्रणा चुकून त्या वेष्टनावर उलटते आणि ते जागोजागी खराब होतं. काहींना झटका येतो, उतरतो, मग वर्षानुवर्षं काही नाही. काहींचं हळूहळू वाढत जातं. तुझं कुठलं, हे आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पूर्ण बरं करणारं औषध नाही, झटके कमी करणारी आहेत. तुला दिलेली इंजेक्शनं चुकवायची नाहीत. आता लघवीचं. याची लाज वाटून घेऊ नकोस, पुष्कळांना घाई होते, कधी धरवत नाही, त्यावर उपाय आहेत. थकवा येईल, तो आळस नाही. शब्द आठवणार नाहीत. मन खचेल, तेही आजारातच धर. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून औषधं बदलावी लागतात, तेव्हा घाई नको. शेतातली कष्टाची कामं तुला आज ना उद्या सोडावी लागतील, मनाची तयारी ठेव. काहींना काठी लागते, काहींना चाकाची खुर्ची, आणि खुर्ची लागली म्हणजे आयुष्य संपलं असं काही नसतं…

(पुढची पानं जोडली आहेत. सातव्या पानावर उष्णतेबद्दल आहे, तेही बघ. एकूण नऊ झाली. काही राहिलं असेल तर विचार.)

तुझी,
मधुवंती


भोर, १२ जून

स्नेहल,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं का? रागावलीस का? प्रद्युम्न म्हणतो, "नऊ पानांना उत्तर द्यायचं तर पोरीला रजा काढावी लागेल." त्याच्या म्हणण्याकडे मी एरवी लक्ष देत नाही, पण आज दिलं. एक ओळ पाठव.

मधुवंती


विंझर, २१ जून

(नूतन लिहिते आहे. आई सांगते तसंच उतरवते, शुद्ध करायला गेलीस तर बघ, असा तिनं दम दिलाय.)

बाईंना ठकुबाईचा रामराम.

तुमची दोनी पत्रं मिळाली. पयलं आलं तवा सुनंनं हातात घेतलं, डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, पर तिला एक अक्षर उमगंना. नूतन म्हनली, आन हिकडं, मी वाचते. समदी ओसरीवर बसल्याली. गोरख व्हता, शेजारची सखूबाई व्हती. आमाला काय ठावं आत काय हाय? लघवीचं, चाकाच्या खुर्चीचं, पोराबाळाचं, समदं पोरीनं मोठ्यानं वाचलं. मधी थांबावं ह्ये तिलाबी कळंना. सून उठून आत गेली. तवापास्नं ती बोलत न्हाई, आन् मलाबी काय बोलावं कळत न्हाई.

तुमच्यावर राग न्हाई बाई. नसांची कमजोरी म्हनून म्या तिला रोज बोलत व्हते, हात उचल, बिगीबिगी आवर म्हनून. खरं कळलं तवा माझंच मला लई वाईट वाटलं.

आता तिला काडी उचलू देत न्हाई. तुमी लिवलंय गरमीचा तरास व्हतो, म्हनून उनात पाठवत न्हाई, घरातच चुलीम्होरं बसवते. सकाळी कढत पान्यानं आंघूळ, कमरंला न् पायाला गरम तेल, सांजला बाजंखाली शेगडी. माझ्या बाळंतपनात माझ्या आईनं असाच शेक दिला, तवा म्या दोन म्हैन्यात डोंगर चढत व्हते. पर हिचा पाय शेकल्यावर आनकीच लुळा पडतो, डोळ्याला अंधारी येती. म्या म्हनते आजार जोर धरतोय, मग निखारं वाढवते.

गोरखनं न् म्या ठरवलंय, लावणीच्या आदी तिला म्हायेरी धाडायची, भाटघरला. तुमीच लिवलंय शेतातलं काम सोडावं लागंल. हितं ऱ्हायली तर बांधावर आल्याबिगर ऱ्हायाची न्हाई, सोभाव म्हाईत हाय तिचा. तिनं पिशवी भरून ठिवलीय. रडली न्हाई, कायबी म्हनली न्हाई. मला वाटतं तिलाबी बरंच वाटत आसंल जायला.

माझं इचारनं यवढंच, की तिला खायाला काय घालू आन् शेक किती येळ देऊ. डागदरला इचारलं व्हतं, त्यांनी नूतनच्या हातात इंग्रजी कागद दिला.

ठकुबाई


भोर, २६ जून

ठकुबाई, नमस्कार.

पत्र आल्या आल्या लिहायला बसले आहे. नूतन, हे तू आईला एकटीला वाचून दाखव. ओसरीवर नको.

आधी माझी चूक. स्नेहलनं एक गोष्ट विचारली होती, मी नऊ पानं पाठवली. डोळ्याचं तिनं लिहिलं होतं, मी ते वाचलंही होतं, तरी मुंग्यांसारखं अक्षर काढलं. मला जे सोळा वर्षांपूर्वी हवं होतं ते मी तिला पाठवलं, तिला काय हवं होतं ते बाजूला राहिलं. चारचौघांत तिला ते ऐकावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता शेकाचं. शेगडी आजपासून बंद. कढत पाणी नको, चुलीसमोर बसणं नको, गरम तेल नको. या आजारात अंग तापलं की त्रास वाढतो. उन्हानंच नाही, चुलीनं, शेगडीनं, आंघोळीच्या पाण्यानंसुद्धा. ते मी सातव्या पानावर एका ओळीत उरकलं. हॉस्पिटलात फॅनखाली मला पंखा का लागत होता, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आणि हे नीट ऐका. तुम्ही तिचं काही बिघडवलेलं नाही. उष्णतेनं आलेला जडपणा अंग गार झालं की उतरतो, आत कायमचं नुकसान होत नाही. आजार जोर धरत नव्हता, शेगडी जोर धरत होती. माझ्या आईनंही मला पहिल्या वर्षी असंच मायेनं भाजून काढलं होतं. अंगात ताप नसताना, गार होऊनही नवा लुळेपणा किंवा अंधारी दुसऱ्या दिवशी तशीच राहिली, तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा.

खायला तुम्ही जेवता तेच घाला. पथ्य काही नाही.

राहिलं माहेर. शेतातलं काम सोडावं लागेल, हे मी टेबलाशी बसून लिहिलं. माझा जन्म ऑफिसच्या खुर्चीत गेला, मला खाचरातलं काय कळतं? तिला जायला बरं वाटत असेल असं तुम्हाला वाटतं. मला तसं वाटत नाही. तिनं मला विचारलं होतं ते एवढंच, मी लावणीला जाऊ शकेन का. ती पिशवी का भरून बसली आहे, हे तिलाच विचाराल का?

सोबत तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी आहे. ती तिची तिला वाचता येईल.

मधुवंती


(त्याच पाकिटात, जाड स्केचपेननं)

स्नेहल,

एकच पान, मोठ्या अक्षरात.

लावणीला जाशील का? मला वाटतं, हो. सगळ्या कामाला नाही. खाचरातलं पाणी गार असतं, ते तुझ्या बाजूचं. तासन् तास ओणवं उभं राहणं तुझ्या विरुद्ध. बसून करण्यासारखं काही असतं का, ते तुला माहीत, मला नाही.

पुढच्या तपासणीला हाच प्रश्न डॉक्टरांना विचार. सगळ्यात आधी विचार. मागच्या रांगेकडे बघू नकोस.

नऊ पानं फाडून टाक, नाहीतर बाजूला ठेव. तू विचारशील तेवढंच सांगेन.

मधुवंती


विंझर, ५ जुलै

मधुवंतीताई,

तुमची चिठ्ठी मी स्वतः वाचली. दोन महिन्यांत स्वतः वाचलेलं ते पहिलंच काही.

त्या दिवशी संध्याकाळी शेगडी आली नाही. आत्याबाई ओला पंचा घेऊन आल्या, माझ्या पायाशी बसून पाय पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, "म्या तुला भाजत व्हते, आन् तू गप ऱ्हायलीस? बोलायचं न्हाई का?" मी म्हटलं, "तुम्ही इतक्या मायेनं करत होतात, कसं बोलू?" तेव्हा त्या रडल्या. लग्न झाल्यापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

मग त्यांनी पिशवीचं विचारलं. मी खरं ते सांगितलं. आमच्या गावात आजारी सून एकदा माहेरी गेली की तिला आणायला कुणी येत नाही. मला वाटलं, तुम्ही मला परत धाडताय. हे दारात उभे होते. ते म्हणाले, "मला वाटलं तुलाच हितं नको झालंय. तू बोलंनास, म्हणून मीबी बोललो न्हाई." ताई, एका घरात तीन माणसं एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प बसली होती. पिशवी ह्यांनीच उपसली.

आजार काय, हे आत्याबाईंना कळत नव्हतं. वेष्टन म्हटलं तर त्या म्हणाल्या, कसलं वेष्टन? मग मी त्यांना खाचराला पाणी देतो त्याचं सांगितलं. डोकं वरून पाणी सोडतं, पण मधल्या चारीचा, म्हणजे पाण्याच्या पाटाचा, बांध ठिकठिकाणी फुटलाय, म्हणून खालच्या खाचराला पाणी उशिरा पोचतं, कधी पोचतच नाही. ऊन तापलं की वाटेतच आटतं, गारवा आला की परत वाहतं. त्या म्हणाल्या, "मग आसं सांग की. नसा नसा काय लावलंय?"

पहिल्या तारखेला तपासणीला गेलो. आत गेल्या गेल्या विचारलं. डॉक्टर हसले, म्हणाले असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही. मग नीट विचार करून म्हणाले, बसून काम, दमायच्या आधी थांबणं आणि चिखलात एकटीनं चालणं नाही. एवढं पाळलं तर जा.

बसून करायचं काम आहे. वाफ्यातली रोपं उपटून जुड्या बांधायच्या. पण ते म्हाताऱ्या बायका करतात, आणि त्याला सावडीत पुरा दिवस धरतात की नाही, हे बायकाच ठरवतात. मला त्याचीच धाकधूक आहे. आत्याबाई म्हणतात, म्या बोलते.

एक विचारू? नऊ पानं मी नूतनकडून पुन्हा वाचून घेतली, या खेपेला दार लावून. त्यात जगातल्या सगळ्यांचं आहे, तुमचं नाही. तुम्हाला कसं आहे?

स्नेहल


भोर, ११ जुलै

स्नेहल,

मला कसं आहे, हे इतक्या वर्षांत डॉक्टर आणि प्रद्युम्न यांच्याखेरीज कुणी विचारलं नव्हतं, आणि ते दोघे उत्तर पुरं होईपर्यंत थांबत नाहीत. म्हणून सांगते.

घरात भिंतीला धरून चालते. बाहेर चाकाची खुर्ची. हॉस्पिटलात तू मला बाकावर बघितलंस, खुर्ची मी खांबाच्या पलीकडे ठेवायला लावली होती. तू घाबरू नयेस म्हणून, असं म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं. खरं म्हणजे मलाच ती चारचौघांत मिरवायला आवडत नाही. सकाळी पेपर वाचते, दुपारी झोपते, पाच वाजता चहा पिताना प्रद्युम्नशी भांडते. दिवस वाईट जात नाहीत. काही दिवस फार वाईट जातात. आता तुझं पत्र येईल म्हणून फाटकाकडे बघते.

तुझी चारी मी आमच्या डॉक्टरांना ऐकवणार आहे.

मधुवंती


विंझर, २४ जुलै

मधुवंतीताई,

लावणी झाली. नीट सांगते.

आमच्या खाचराचा दिवस पहिला होता. बायका आल्या. मी वाफ्यात प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसले होते. पाऊस सुरू होता. थोड्या वेळानं पावसासाठी डोक्यावरून घेतलेल्या खोळीत घाम यायला लागला आणि पाय जड वाटला, म्हणून मी खोळ काढून टाकली. आत्याबाई बांधावरून ओरडल्या, "आगं भिजशील!" मग त्यांचं त्यांनाच आठवलं आणि म्हणाल्या, "भीज, भीज." सगळ्या बायका त्यांच्याकडे बघायला लागल्या. सून भिजतेय आणि सासू भीज म्हणतेय, हे काय नवीन.

तेव्हा त्यांनी सांगितलं. काम थांबवलं नाही, लावता लावताच सांगितलं. चारीचा बांध, पाणी, ऊन, सगळं. आजाराचं नावही घेतलं. त्यांच्या तोंडात ते नीट बसत नाही, पण त्यांनी घेतलं. "माझ्या सुनंला ह्ये झालंय, तिची काय चूक न्हाई, आन् मी शेगडी लावून तिला भाजली, त्येबी सांगते, म्हंजी तुमी कुनी आसं करू नका." एकदोघी "आगं बाई!" म्हणत माझ्याकडे वळल्या. सखूबाईंनी तर त्या दिवशी ओसरीवर सगळं ऐकलंच होतं, आणि मला वाटत होतं गावभर झालं असेल. कुणाला काही माहीत नव्हतं, ताई. दीड-दोन महिने त्यांनी एक शब्द बाहेर काढला नव्हता.

मी रोपं उपटत होते आणि जुड्या बांधून बाजूला रचत होते. दुपारी हात थरथरायला लागले तेव्हा थांबले, घरी येऊन झोपले. सावडीचा दिवस पुरा झाला नाही, म्हणून रात्री मनाला फार लागलं. आत्याबाई म्हणाल्या, बघू उद्या. त्यांच्याही आवाजात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सखूबाईंची लावणी. सकाळी आम्ही चहा पीत होतो. आमच्याकडे रीत अशी की ज्या घरची लावणी, ती बाई दारात येऊन हाक मारते, आणि जिला हाक मारली तिचा हात सावडीत धरला. नाही मारली तर जायचं नाही. सखूबाई आल्या. "ठकू, चल," म्हणाल्या. आत्याबाई उठल्या. मी दाराआड बसले होते, कप खाली ठेवला आणि जमिनीकडे बघत राहिले. सखूबाई दारातच उभ्या होत्या. "आन् स्नेहल कुठंय? काल जुड्या एकसारख्या बांधल्या व्हत्या, हाताला लगेच सुटत व्हत्या. स्टूल घिऊन यावं म्हनावं."

स्टूल ह्यांनी उचललं. वाटेत चिखल होता, म्हणून दुसऱ्या हातानं मला धरलं. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर.

आता दुसरा प्रश्न. तो नऊ पानांत होता, पण तेव्हा मी विचारलेला नव्हता. आम्हाला मूल हवंय. कधी, कसं, औषधांचं काय करायचं, आधी कुणाशी बोलायचं, तुम्हाला जेवढं माहीत असेल तेवढं लिहा. एकच पान, मोठ्या अक्षरात. हे आणि आत्याबाई दोघंही विचारतात पत्र कधी येणार, तेव्हा त्या दिवशी ओसरीवरच बसू.

या खेपेला मोठ्यानं वाचलं तरी चालेल.

स्नेहल